बातम्यांखालच्या संगीतात शब्दच बुडतात, काही उपाय आहे का?

ऐकणारी:
वडिलांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. बातम्या हा त्यांचा जीव की प्राण, पण हल्ली ते वैतागून टीव्ही बंद करतात. निवेदिका बोलत असताना खाली सलग संगीत वाजत असतं, पूर असो की अर्थसंकल्प. आवाज वाढवला की संगीतही वाढतं आणि कान दुखतात. मुलाखती मात्र त्यांना व्यवस्थित कळतात. टीव्हीत काही सेटिंग आहे का? आणि वाहिन्यांना आवाजाचा काही नियम नसतो का?

मिक्सरवाला:
मी बातम्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑडिओ कन्सोलवर बसतो. नियमाचं आधी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. लाऊडनेस, म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याची आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीएस १७७० ही पद्धत २००६ साली आली. तिच्याच आधारावर युरोपातल्या ईबीयू या प्रसारकांच्या संघाने २०१० मध्ये आर १२८ ही शिफारस काढली: कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (लाऊडनेस मोजायचं एकक). अमेरिकेत उणे २४ धरतात. जाहिरात लागली की दचकायला व्हायचं, त्यावर हा चांगला उपाय आहे. पण मोजलं जातं ते सगळं मिश्रण. त्यात बोलणं किती आणि संगीत किती, हे तो आकडा सांगत नाही. संगीत निवेदिकेच्या उरावर बसलेलं असलं तरी बुलेटिन नियमात बसतं.

डकिंग नावाची सोय आमच्याकडे असते. माइकवर आवाज आला की संगीत आपोआप खाली जातं. किती खाली, ते माणूस ठरवतो. तो चांगल्या स्पीकरवर, तरुण कानांनी, बातमीचा मजकूर समोर ठेवून ऐकत असतो. पुढचा शब्द ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला तो ऐकू येतोच! म्हणून मी टीव्हीसारख्या लहान स्पीकरवर, आवाज अगदी हळू ठेवून तपासतो. वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत, सर्वांत कडक पातळीवर, पार्श्वध्वनी बोलण्याच्या निदान २० डेसिबल खाली असावा अशी अट आहे. टीव्हीला ती लागू नाही, पण माझ्या मते बातम्यांनाही एवढं अंतर हवंच. आणि मृत्यूच्या बातमीखाली तर संगीत नकोच.

श्रवणतज्ज्ञ:
वडिलांची तक्रार अगदी खरी आहे. वयाबरोबर बारीक, उंच स्वर आधी जातात, आणि स, श, ट, फ ही व्यंजनं ओळखायला तेच लागतात. शिवाय हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढला की एकदम असह्य होतो. मधली जागाच अरुंद झालेली असते. सराउंड बंद करा, बास कमी करा, ‘क्लिअर व्हॉइस’सारखं काही असेल तर सुरू करा. टीव्हीचा आवाज थेट श्रवणयंत्रात पाठवणारा स्ट्रीमर घेतलात तर खोलीतला घुमारा जाईल, बातमीखालचं संगीत मात्र तसंच राहील.

ऐकणारी:
सराउंड आणि बास दोन्ही करून पाहिलं. निवेदिका बरीच कळते म्हणाले. फोनवरून बोलणारा वार्ताहर अजूनही नाही. संगीत वगळून नुसतं बोलणं मिळत नाही का?

मिक्सरवाला:
साध्या फोनचा आवाज मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झमध्येच कापलेला असतो. त्याच्याखाली संगीत ठेवणं मला तरी अक्षम्य वाटतं. एमपीईजी-एच, डॉल्बी एसी-४ या नव्या तंत्रांत बोलणं वेगळं पाठवता येतं आणि प्रेक्षक रिमोटवरून तेवढंच वाढवू शकतो. पण वाहिनीने तसं पाठवलं आणि टीव्हीला ते कळलं, तरच.

तोवर वाहिनीला जरूर लिहा. ‘आवाज फार मोठा आहे’ एवढंच लिहिलंत तर उणे २३ चा आकडा दाखवून तक्रार बंद करता येते. तारीख, वेळ, कोणती बातमी, कोणतं वाक्य वडिलांना कळलं नाही, असं लिहा. तेवढा तुकडा काढून ऐकावाच लागतो.