मदत हवी आहे: 'सिड मायर्स पायरेट्स!'मध्ये चारही झेंड्यांची जहाजं लुटून खेळणं परवडतं का?

शिडातला_वारा

नमस्कार मंडळी,

'सिड मायर्स पायरेट्स!' हा कॉम्प्युटर गेम खेळणारं इथे कुणी आहे का? १९८७ चा मूळ नाही, फिरॅक्सिस कंपनीने २००४ मध्ये नव्याने काढलेला. चार झेंडे म्हणजे त्यातले इंग्लंड, स्पेन, फ्रान्स आणि हॉलंड हे चार देश. गेम जुना आहे, माझ्या साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो, आणि सध्या रोज रात्री जेवणं आटोपली की मी कॅरिबियनमध्येच असते.

अडचण अशी आहे. काळ १६६० चा निवडला, देश इंग्लंड, अवघडपणाची पातळी ॲडव्हेंचरर, आणि कौशल्य तलवारबाजीचं. सुरुवात छान झाली. पोर्ट रॉयलच्या गव्हर्नरकडून लेटर ऑफ मार्क, म्हणजे शत्रूची जहाजं लुटण्याचा सरकारी परवाना, मिळाला, स्पेनची जहाजं धरत गेले, दर फेरीला शाबासकी, पद, थोडी जमीन. मेजरपर्यंत पोचले. मग इंग्लंड आणि स्पेनचा तह झाला. आता स्पॅनिश जहाज पकडून आणलं तरी गव्हर्नर कौतुक करत नाही, स्पेन मात्र माझ्यावर आधीइतकाच खवळलेला. त्यांचे किल्ले मला पाहताच तोफा डागतात.

आणि त्याच वेळी साखर, मसाले, चैनीचा माल भरलेली डच आणि फ्रेंच व्यापारी जहाजं माझ्या नाकासमोरून कुराकाओ, तोर्तुगाकडे जात असतात. सोबत धड पहाराही नसतो. त्यामुळे वाटायला लागलंय की परवान्याच्या भानगडीत पडूच नये. राजेलोकांच्या तहाप्रमाणे मी का वागायचं? गेमचं नावच चाच्यांचं आहे, तर चाचे म्हणूनच खेळावं. पण सगळेच देश उलटले तर माल विकायचा कुठे, खलाशी कुठून आणायचे, आणि शेवटी निवृत्तीच्या वेळी हिशेबात काय उरतं? हे आधी समजून घ्यायचंय, कारण या कॅप्टनवर माझा जीव जडलाय आणि तिची कारकीर्द वाया घालवायची नाहीये.

(गेममधला कॅप्टन पुरुषच असतो हे माहीत आहे. मी तिला 'ती'च म्हणते.)

अनुभवी लोकांनी सविस्तर सांगा, प्लीज.

जुना_तांडेल

ताई, प्रश्न चांगला आहे, आणि याचं उत्तर बरेच लोक फक्त सोन्याच्या आकड्यावर देतात. म्हणून आधी तेवढं बाजूला करतो. सोनं भरपूर मिळतं. चारही झेंडे खुले असले तर रिकामी फेरी अशी होतच नाही, दिसेल ते जहाज तुमचं. नुसत्या नाण्यांच्या मोजणीत चाचेगिरी कधीच तोट्याची नसते.

पण हा गेम तुम्हाला नाण्यांवर तोलत नाही. शेवटी मोजली जाते ती कीर्ती. तिचे जास्तीत जास्त १२६ गुण, आणि संपत्ती हा त्यातला एकच भाग. बाकीचे गुण कशाचे आहेत बघा: हरवलेले नातेवाईक शोधणं, गेममधला खलनायक मार्क्विस मोंटाल्बान याला हरवणं, नऊ नामांकित चाच्यांना पाडणं, पुरलेले खजिने, हरवलेली शहरं, गव्हर्नरच्या मुलीशी लग्न, आणि देशोदेशीची पदं. पदं एकाच देशाची नाहीत, चारही देशांची मोजतात. लेटर ऑफ मार्कपासून कॅप्टन, मेजर, कर्नल, ॲडमिरल, बॅरन, काउंट, मार्क्विस आणि शेवटी ड्यूक. आता सांगा, ज्या देशाची जहाजं तुम्ही रोज लुटता तो तुम्हाला ड्यूक करेल का?

दुसरं म्हणजे बंदरं. हे नुकसान हळूहळू होतं, म्हणून सुरुवातीला जाणवत नाही. एका देशाने डोक्यावर इनाम लावलं की त्याची बंदरं बंद, किल्ल्यांचा मारा सुरू, आणि मागावर पायरेट हंटर, म्हणजे चाच्यांना पकडणारी जहाजं. चारही देशांनी इनाम लावलं की उरतात फक्त चाच्यांचे तळ. तिथे माल विकला जातो, माणसंही मिळतात, पण तिथे गव्हर्नर नसतो. म्हणजे पद नाही, जमीन नाही, गव्हर्नरच्या मुलीसोबत नाचाचं आमंत्रण नाही. शिवाय तांब्याचा पत्रा, सुती शिडं, ब्रॉन्झच्या तोफा, तोफांसाठी बारीक दाण्याची बंदुकीची दारू या सुधारणा मोठ्या बंदरातला शिपराइट, म्हणजे जहाजांचा कारागीर, करतो, आणि प्रत्येक बंदरात प्रत्येक सुधारणा मिळतही नाही. बंदरं जितकी कमी, तितकं तुमचं जहाज मागे राहतं. हंटरच्या दमदार जहाजाशी गाठ पडते तेव्हा हे कळतं.

माझं मत स्पष्ट सांगतो: चारही देशांशी एकदम वैर घेऊ नका. एक शत्रू कायमचा ठेवा, आणि तो स्पेनच असू द्या. बंदरं सर्वात जास्त त्याची, सोनं सर्वात जास्त त्याचं, खजिना वाहणारा जहाजांचा ताफा (ट्रेझर फ्लीट) आणि चांदी वाहणारा तांडा (सिल्व्हर ट्रेन) दोन्ही त्याचेच. इंग्लंडचा तह झाला म्हणून अडून बसू नका. फ्रान्स किंवा हॉलंड स्पेनशी लढत असेल तर त्यांच्या गव्हर्नरांकडे जा. तीच लूट तिथे दाखवली की तिथली पदं सुरू होतात. कोण कुणाशी लढतंय ते बंदरात शिरताना बघत चला.

काळं_निशाण

तांडेलांशी निम्मा सहमत. कीर्तीचा हिशेब बरोबर आहे, पण सगळ्यांना ड्यूक व्हायचं नसतं. माझ्या मते हा गेम सगळ्यात रंगतो तो डोक्यावर इनाम असतानाच. किल्ल्याच्या नजरेआड किनाऱ्याला लागायचं, रात्री पहारेकरी चुकवत गावात शिरायचं, गवताच्या गंज्यांमागे लपायचं, गव्हर्नरच्या वाड्यापर्यंत पोचायचं. सगळी बंदरं हात जोडून उभी असतील तर गेमचा हा अर्धा भाग तुम्हाला दिसतच नाही.

शिवाय वैर कायमचं नसतं, हे तांडेलांनी सांगितलं नाही. जेझुइट मिशनमधला पाद्री तुमच्यासाठी रदबदली करतो. ती लक्षात ठेवून वागलात तर वर्ष-दोन वर्षं मोकाट लुटून मग एखाद्या देशाशी पुन्हा जुळवता येतं. चाच्यांच्या तळावरच्या लोकांना भरीला घालून जवळच्या शहरावर हल्लाही करवता येतो. मला तर डच व्यापारी जहाजं सोडून देणं जमतच नाही.

आणि ताई, सर्वात महत्त्वाचं: दुसऱ्या चाच्यांची जहाजं. ती लुटली तर कुठलाच देश रागावत नाही, उलट सगळे खूश. हेन्री मॉर्गन, ब्लॅकबिअर्ड, किड, लॉलोने, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स असे एकूण नऊ जण समुद्रावर फिरत असतात. त्यांच्या जहाजात हजारोंचं सोनं असतं आणि प्रत्येकाचा खजिनाही कुठेतरी पुरलेला असतो. टॅव्हर्नमध्ये कान उघडे ठेवले तर कोण कुठून कुठे निघालाय ते कळतं. तहामुळे हात बांधले गेले असतील तर आत्ता हेच करा.

बखरवाचक

मी गेम फार खेळलेलो नाही, पुतण्या खेळायचा तेव्हा शेजारी बसून पाहिला आहे. पण शिडातला_वारा यांना जो तह नडला, तो खरोखर झालेला आहे, म्हणून राहवत नाही.

१६७० मध्ये माद्रिदला इंग्लंड आणि स्पेनचा तह झाला. हेन्री मॉर्गनने त्याआधी १६६८ मध्ये पोर्तोबेलो लुटलं होतं, तेही जमैकाच्या गव्हर्नरच्या परवान्यावर. तहानंतर, जानेवारी १६७१ मध्ये, त्याने पनामा घेतलं. स्पेनने आरडाओरड केली, १६७२ मध्ये मॉर्गनला अटक करून इंग्लंडला नेलं. पण तिथे शिक्षा तर झाली नाहीच, १६७४ मध्ये त्याला सर हा किताब देऊन जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवलं. १६८८ मध्ये तो जमैकातच वारला.

आता किड बघा. गेममध्ये तो नुसता एक शत्रू आहे, पण त्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची आहे. विल्यम किडला इंग्लंडच्या राजाचा परवाना होता, चाचे आणि फ्रेंच जहाजं पकडण्याचा. १६९७ मध्ये तो कारवारला आला होता. गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. जानेवारी १६९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्यालगत त्याने केदा मर्चंट हे जहाज पकडलं. ते आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, बंगालहून सुरतेला निघालेलं, रेशीम आणि मलमल भरलेलं. मालात औरंगजेबाच्या दरबारातल्या एका मोठ्या सरदाराचा हिस्सा होता. जहाजावर फ्रेंच पास, म्हणजे फ्रेंचांच्या संरक्षणाचं पत्र, होता, म्हणून किडच्या मते ती कायदेशीर लूट होती. पण मुघल दरबार खवळला, सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार अडचणीत आला, आणि लंडनला किड नकोसा झाला. १६९९ मध्ये त्याला बॉस्टनमध्ये पकडलं आणि २३ मे १७०१ रोजी लंडनला फाशी दिलं. खटल्याच्या वेळी तो फ्रेंच पास पुढे आलाच नाही. विसाव्या शतकात तो लंडनच्या दप्तरात सापडला.

दोघांकडे परवाना होता. मॉर्गनने ज्यांना दुखावलं त्यांच्याशी इंग्लंडला फार देणंघेणं नव्हतं. किडने ज्यांना दुखावलं त्यांच्या बंदरांत इंग्रजांच्या वखारी होत्या. मला वाटतं ताईंनी गेममध्ये हेच बघावं: कुणाचं जहाज लुटल्याने आपली कुठली बंदरं बंद होतात.

(गेममध्ये १६६० साली ब्लॅकबिअर्ड भेटतो हे बघून मी चक्रावलो होतो. तो १७१८ मध्ये मारला गेला, आणि ज्याँ लाफीत तर एकोणिसाव्या शतकातला. पण नऊही जण एकत्र भेटतात ही मौज मोठी आहे, तक्रार नाही.)

शिडातला_वारा

तिघांचे मनापासून आभार. बखरवाचक, किड कारवारला आला होता हे अजिबात माहीत नव्हतं. माझं आजोळ तिथून जवळच आहे. आता त्याचं जहाज समोर आलं की वेगळ्याच नजरेने बघेन.

कीर्तीचा मुद्दा पटला. चारही देशांची पदं मोजतात हे कळल्यावर डच व्यापाऱ्यांना हात लावायची इच्छाच गेली. चाच्यांच्या मागे लागायचं ठरवते आहे. पण एक शंका राहिली, तीच खरं तर सगळ्यात जास्त छळते. खलाशी. खजिन्यात पुरेसं सोनं आहे, अन्न भरपूर आहे, तरी ते नाराज होतात. दिसेल ते जहाज लुटत राहिलं तर खूश राहतील असं वाटलं होतं, चाचे व्हायचा विचार त्यातूनच आला. चाच्यांच्या शोधात महिनोन्‌महिने फिरले तर बंड होईल का?

जुना_तांडेल

ताई, खलाशांचं गणित चाचेगिरीने सुटत नाही, वाटणीने सुटतं. मोहीम जितकी लांबते तितके ते कुरकुरतात, मग लूट कितीही असो. शिवाय माणसं जितकी जास्त, तितके ती कुरकुर लवकर सुरू करतात, कारण प्रत्येकाच्या वाट्याचं सोनं कमी भरतं. तीनशे माणसं घेऊन चाच्यांच्या शोधात फिरू नका. एका चाच्याशी लढायला लागतील तेवढीच ठेवा. धरलेल्या जहाजांवर कुक सापडला तर सोडू नका, तो असेल तर लोक जास्त दिवस समाधानी राहतात. सर्जन आणि सेलमेकर (शिडं दुरुस्त करणारा) सुद्धा घ्या.

मोहीम लांबली आणि चेहरे पडले की लुटीची वाटणी करून मोकळ्या व्हा. वाटणीनंतर काही महिने जातात, सगळे पांगतात, आणि तुम्ही ताज्या दमाने नवी माणसं भरता. पातळी तेव्हाच वाढवता येते. वरच्या पातळीवर कॅप्टनचा वाटाही मोठा मिळतो. मात्र प्रत्येक वाटणीत वय वाढतं, आणि वयाबरोबर तलवारीचा हात मंदावतो. तुमचं कौशल्य तलवारबाजीचंच आहे म्हणून बरं, पण म्हणूनच मॉर्गन, मोंटाल्बान ही तगडी माणसं तरुणपणीच उरकून घ्या. पदं आणि जमीन नंतरही मिळवता येतात.

काळं_निशाण

वाटणीच्या वेळी ताफ्यातलं एकच जहाज ठेवता येतं, हे ध्यानात असू द्या. आठ जहाजं गोळा केली असतील तर बाकीची आधी बंदरात विकून टाका. आणि ठेवताना मोठं गॅलियन ठेवायचा मोह होईल, तो टाळा. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून असतो. त्रिनिदादहून हवानाला कुठलंही जहाज सुखाने जातं, पण परत येताना गॅलियन जागचं हलत नाही, तोवर खलाशी पुन्हा नाराज. स्लूप ऑफ वॉर हे लहान, चपळ जहाज मिळालं तर तेच ठेवा. वाऱ्याच्या तोंडावर चालणारं आणि झटकन वळणारं असं दुसरं जहाज मला अजून सापडलेलं नाही, आणि चाच्यांचा पाठलाग करायला तेच लागतं.

शिडातला_वारा

माझ्याकडे ब्रिग ऑफ वॉर आहे, तांब्याचा पत्रा आणि सुती शिडं दोन्ही बसवलेली. ते सोडून स्लूप घ्यावं का?

काळं_निशाण

अजिबात नको. सुधारलेलं ब्रिग ऑफ वॉर स्लूपइतकंच कामाचं आहे, आणि तोफा जास्त. तेच ठेवा. आधी माणसं कमी करा, फ्रेंच गव्हर्नरला भेटून स्पेनशी त्यांचं काय चाललंय ते बघा, आणि टॅव्हर्नमध्ये लॉलोनेची चौकशी करा. मॉर्गनच्या वाटेला आत्ताच जाऊ नका.