टॅक्टाइल पट्टी आणि बसमधली घोषणा: निवेदन कुणाला आणि कसं द्यायचं?

नोडवासी
नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये अंध आणि अल्पदृष्टी रहिवाशांचा चौदा जणांचा गट आहे. स्टेशन ते बस थांबा या पदपथावर टॅक्टाइल पट्टी (पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या लाद्यांची वाट) आहे, पण मध्येच तुटते, आणि एके ठिकाणी थेट विजेच्या डीपीवर जाऊन संपते. बसमध्ये पुढच्या थांब्याची घोषणा कधी होते, कधी होत नाही. आयुक्तांना निवेदन द्यायचं ठरतंय. मजकुरात काय असावं, कोणत्या कलमांचा आधार घ्यावा आणि पोच मिळाल्यावर पुढे काय करावं? ठाण्यातल्या जाणकारांनीही सांगावं.

पाचपाखाडी_पश्चिम
निवेदनाआधी मोजणी करा. ‘पदपथ अंधांसाठी योग्य नाही’ एवढ्यावर कनिष्ठ अभियंता काहीच करू शकत नाही. ‘खांब क्रमांक अमुक ते तमुक, डावी बाजू, 11 मीटर पट्टी नाही’ असं लिहिलं की त्याला अंदाजपत्रक करता येतं. पाहणीला एक पूर्ण अंध, एक अल्पदृष्टी आणि टेप घेतलेली एक डोळस व्यक्ती हवी. दोनदा चाला: सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातनंतर. फेरीवाले, उभ्या दुचाकी आणि दिव्याखाली रंग किती दिसतो, हे संध्याकाळीच कळतं.

रेघांची लादी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे जिना, वळण किंवा रस्ता आहे. लादी साधारण 300 मिमी चौरस, उंचवटा 5 मिमीच्या आसपास. नेहमीची चूक म्हणजे रेघा आडव्या बसवणं. मिस्त्रीला फरक कुणी सांगितलेलाच नसतो. मग काठीचं टोक रेघेच्या कडेने घसरत पुढे जात नाही, प्रत्येक रेघेवर अडकतं.

पण सगळ्यांत धोकादायक चूक उताराच्या तोंडाशी असते. पदपथ तिथे रस्त्याच्या पातळीला येतो, म्हणजे काठीला लागणारी कडा गेलेली असते. ठिपकेही नसतील तर माणूस वाहनांत कधी शिरला हे त्याला कळतच नाही. यादीत हे उतार सगळ्यांत वर घ्या.

पट्टी तुटण्याचं कारण बहुधा केबलची खोदाई. खड्डा बुजवण्याच्या कामात टॅक्टाइल लादीची वेगळी बाब धरलेली नसते, म्हणून साधा पेव्हर बसतो. खोदाईची परवानगी देतानाच ‘होती तशीच लादी’ ही अट घालावी, अशी मागणी निवेदनात हवीच.

निवेदन शहर अभियंत्याला द्या, प्रत आयुक्तांना. समाजविकास विभागाकडे गेलं तर ते कागद फक्त पुढे पाठवतात. त्याआधी रस्ता कुणाचा हे पाहा. तुमच्याकडे महापालिका, सिडको, एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम आणि स्टेशनात रेल्वे, इतके मालक आहेत. इकडे घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचं काम चालू असेल तिथे एमएमआरडीए. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो.

कलम४५
कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 45: जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम 2017 चे, म्हणजे मुदत संपलेली आहे. कलम 44: सुगमतेशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही. कलम 89: पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड, पुढच्याला 50 हजार ते 5 लाख.

राजीव रतुरी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 8 नोव्हेंबर 2024 चा निकाल जरूर नमूद करा. सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवणारा 2017 च्या नियमांतला नियम 15(1) न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. ‘निधी मिळाला की बघू’ या उत्तराला हा निकाल पुरेसा आहे.

डेपोपासून_डेपोपर्यंत
बसचा अर्ज वेगळा करा, कारण तो परिवहन व्यवस्थापकाकडे जातो.

घोषणा दोन असतात. आतली पुढच्या थांब्याची. बाहेरची, म्हणजे दार उघडताना मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा सांगणारी. अंध प्रवाशाला थांब्यावर उभं असताना बाहेरचीच जास्त लागते, आणि मागायची राहते तीच. आतली यंत्रणा जीपीएसवर चालते. फेरी सुरू करताना चालकाने मार्ग निवडला नाही तर ती गप्प राहते, किंवा आधीच्या फेरीचे थांबे सांगते. कधी आवाजच बारीक केलेला असतो. म्हणून तक्रारीत ‘घोषणा नव्हती’, ‘चुकीची होती’, ‘ऐकू येत नव्हती’ यातलं नेमकं काय ते लिहा, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आहे.

गाडीचा नंबर दिसत नाही म्हणून तक्रार अडत नाही. तिकिटावर मार्ग आणि वेळ छापलेली असते, त्यावरून डेपोला गाडी काढता येते. कंडक्टरकडून तिकीट घेतलंत की ते जपा. प्रत्येकाने पंधरा दिवस नोंद ठेवली तर चौदा जणांचा तक्ता तयार होतो, आणि असा तक्ता बाजूला सारणं कठीण.

दोन्ही शहरांत ठेकेदाराच्या बस आहेत आणि पैसे किलोमीटरमागे मिळतात. घोषणा बंद असलेल्या फेरीला दंड आहे का, हे करारात बघा. नसेल तर पुढच्या निविदेत ती अट मागा.

नोडवासी
करार मिळणार कसा?

दहा_रुपयांचा_अर्ज
माहितीच्या अधिकारात. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर, शुल्क 10 रुपये. घोषणा आणि पदपथ एका अर्जात घालू नका. उत्तराची मुदत 30 दिवस, न मिळाल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

कलम 7(4) लिहाच: दृष्टिहीन अर्जदाराला माहिती मिळवण्यासाठी मदत करणं जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि ‘माहिती युनिकोड मजकुराच्या फाइलमध्ये द्यावी, स्कॅन प्रत नको’ असं स्पष्ट मागा. स्कॅन म्हणजे चित्र, एनव्हीडीएला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात काही सापडत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टची फाइलही तशीच निरुपयोगी, मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग ऐकू येते.

घणसोली_गावठाण
महापालिकेचा 5 टक्के दिव्यांग निधी असतो ना? त्यातून लाद्या लगेच बसतील.

पाचपाखाडी_पश्चिम
कृपया हे सुचवू नका. तो पैसा माणसांच्या थेट उपयोगासाठीच राहायला हवा: उपकरणं, अर्थसाहाय्य, प्रशिक्षण. पदपथ सगळ्यांचा आहे, त्याचा खर्च अभियांत्रिकीच्या तरतुदीतूनच व्हायला हवा. आपणच तो निधी लाद्यांकडे वळवला तर पुढे प्रत्येक उतार आणि जिना त्याच निधीतून मागितला जाईल. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, तेव्हा मोजणीचा तक्ता डिसेंबरपर्यंत अभियंत्याच्या टेबलावर पोचू द्या.

कलम४५
आणखी एक मागणी जोडा, माझ्या मते हीच मुख्य: काम झाल्यावर ठेकेदाराचं देयक निघण्याआधी संयुक्त पाहणी, त्यात किमान एक अंध आणि एक अल्पदृष्टी सदस्य, आणि त्यांची सही. देयक निघाल्यावर आडवी लादी कुणी उखडत नाही.

कायम जागा हवी असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम 29अ बघा. प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित होऊ शकतात. त्यासाठी गटाची नोंदणी करून घ्या.

दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे कलम 80 खाली तक्रार. सोबत मोजणीचा तक्ता, पोच आणि माहिती अधिकाराचं उत्तर लावा. त्यांनी शिफारस केली की कलम 81 नुसार काय कार्यवाही केली ते संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

नोडवासी
मनापासून आभार. रविवारी उतारांपासून मोजणी सुरू करतो. डीपीजवळ पट्टी वळवायला सांगायची की डीपी हलवायला?

पाचपाखाडी_पश्चिम
पट्टी वळवायला. डीपी हलवणं वीज कंपनीच्या हातात, त्यात वर्ष जाईल. फक्त वळणाच्या दोन्ही टोकांना ठिपक्यांची लादी मागा, आणि डीपीचं दार उघडलं तरी पट्टीवर येणार नाही एवढं अंतर टेपने मोजून लिहा.