मगर पालीच्या जवळची की पक्ष्यांच्या?

चकवाचांदणी:
लेक तिसरीत आहे. काल तिने चित्र काढलं: खाली मगर, मध्ये डायनासोर, वर उडणारा टेरोसॉर आणि कडेला चिमणी. वर लिहिलं, 'एकच कुटुंब'. मी म्हटलं, अगं मगर पालीच्या घरातली, चिमणी कुठून आली? तर म्हणे पुस्तकात असंच आहे. तिला गप्प केलं खरं, पण आता मलाच धाकधूक आहे. आणि तो टेरोसॉर म्हणजे डायनासोरच ना? की पक्ष्यांचा पूर्वज?

जुनामास्तर:
आधी लेकीची माफी मागा!

बरीच वर्षं मी तुलनात्मक शरीररचना शिकवली. आमच्याकडे मगरीची एक कवटी होती, तिचा एक दात सैल होता. तो उपसला की आतून पोकळ, आणि त्या पोकळीत पुढचा दात तयार बसलेला, टोपीत टोपी घालावी तसा. दात बसतो जबड्यातल्या खोल खोबणीत. डायनासोरांचंही तसंच. घरातल्या पालीचे दात मात्र जबड्याच्या कडेला आतून चिकटलेले असतात. त्याच कवटीच्या नाकपुडीत पोरांना तार घालायला लावायचो. तार तोंडात उतरेल असं त्यांना वाटायचं. ती निघायची पार मागे, घशापाशी. म्हणून तर मगर पाण्यात जबडा उघडा ठेवूनही नाकाने श्वास घेऊ शकते.

हृदयाचं बघा. पालीला निलय, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा, एकच, मगरीला मात्र मध्ये पूर्ण पडदा असलेले दोन. म्हणजे चार कप्पे, पक्ष्यांसारखे. वर एक खुबी: डावी महाधमनी उजव्या निलयातून निघते, त्यामुळे पाण्याखाली असताना रक्त फुप्फुसांना वळसा घालून पुन्हा शरीरात धाडता येतं. शिवाय २०१० मध्ये दिसून आलं की मगरीचाच भाऊबंद असलेल्या अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसात हवा पक्ष्यांसारखी एकाच दिशेने वाहते. चिखलात पडून राहणाऱ्या प्राण्याला एवढा थाट कशाला? माझं मत, हा धावत्या पूर्वजांचा वारसा आहे. ट्रायासिक काळातला, म्हणजे वीसेक कोटी वर्षांपूर्वीचा टेरेस्ट्रिसुकस हा मगरींच्याच भावकीतला. सडपातळ, लांब पायांचा, जमिनीवर पळणारा.

मगर आणि पक्षी यांच्या शाखा साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. पालीची त्याआधीच वेगळी झाली होती.

शंकासुर:
मास्तर, फुप्फुसाचा दाखला जरा जपून. २०१३ मध्ये घोरपडीच्या कुळातल्या एका आफ्रिकी जातीतही हवा एकाच दिशेने वाहताना दिसली. म्हणजे ही चाल कदाचित आर्कोसॉरांहून, म्हणजे मगरी, डायनासोर, टेरोसॉर आणि पक्षी यांच्या सामाईक घराण्याहून जुनी. हृदय आणि दात मान्य.

जुनामास्तर:
बरोबर. तो दाखला मागे घेतो, निकाल तोच. कवटी हातात असली की मी वाहवतो.

टेरोसॉरचं राहिलंच. ना डायनासोर, ना पक्ष्यांचा पूर्वज. डायनासोरांचा चुलतभाऊ म्हणा. पक्षी आले डायनासोरांमधून. पंखच ताडून बघा ना. पक्ष्याच्या हाताची बोटं जुळलेली आणि वर पिसं, वटवाघळाचं कातडं चार बोटांवर ताणलेलं, आणि टेरोसॉरचं सगळं ओझं एकट्या चौथ्या बोटावर, म्हणजे आपल्या अनामिकेवर! क्वेट्झलकोआटलस नावाच्या टेरोसॉरचा पंखविस्तार १० मीटरच्या घरात होता. १७८४ मध्ये कोलिनी या निसर्ग-अभ्यासकाने पहिल्यांदा टेरोसॉरचं वर्णन केलं, तेव्हा त्याला तो समुद्री प्राणी वाटला. उडणारा सरपटणारा प्राणी म्हणून ओळखला फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने, १८०१ मध्ये.

टवाळबोका:
म्हणजे मगरीला 'जिवंत जीवाश्म', कोट्यवधी वर्षांत न बदललेली, म्हणणारे माझे सगळे गुरुजी नापास?

शंकासुर:
नापासच. ज्युरासिक समुद्रात मगरींच्या गोतातले असेही होते ज्यांच्या शेपटीला माशासारखा पर फुटला होता आणि अंगावरची हाडांची कवचं गेली होती. मादागास्करचा सिमोसुकस तर बोथट तोंडाचा, पाला खाण्याजोग्या दातांचा. बाकीचे गेले, पाण्याकाठी दबा धरणारे उरले. तेवढ्यांवरून सगळ्या भावकीची पारख करू नये.

चकवाचांदणी:
माफी मागून झाली. पालीला तिने पानाच्या कोपऱ्यात वेगळी खोली दिली आहे. आता विचारतेय, अनामिका पंखाला गेली, तर टेरोसॉरची करंगळी कुठे?

जुनामास्तर:
करंगळी नाहीच, उत्क्रांतीत गेली. उरलेली तीन छोटी बोटं नख्यांसकट पंखाच्या पुढच्या कडेला, मधोमध. पंख दुमडून तो चार पायांवर चालायचा, तेव्हा तीच बोटं जमिनीला टेकायची. दगडात त्याचे ठसे सापडतात, हाताच्या ठशात मोजून तीन बोटं. तिला सांगा, चित्रात तीनच काढ.