‘इम्पोस्टर सिंड्रोम’ : तोतयेगिरी, न्यूनगंड की तोतयाभास?

यश स्वतः मिळवूनही आपण त्याला पात्र नाही आणि कधीतरी उघडे पडू, असे वाटत राहणे म्हणजे ‘इम्पोस्टर सिंड्रोम’. त्याला मराठीत काय म्हणावे, याची उत्तरे सहसा ‘तोतयेगिरी’, ‘न्यूनगंड’, ‘आत्मसंशय’ अशी दिली जातात. या मनःस्थितीला कोणते नाव पडते त्यावर तिच्यातून बाहेर पडण्याची दिशा बरीचशी ठरते, असे माझे मत असल्याने हे पर्याय जरा सावकाश तपासून पाहतो.

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली. पदव्या, मानसन्मान आणि सहकाऱ्यांची दाद हे सारे मिळूनही आपण खरे तर हुशार नाही, आपण सर्वांना फसवत आलो आहोत, असे मनापासून मानणाऱ्या दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर त्यांची मांडणी आधारलेली होती. (हा अनुभव पुरुषांनाही येतो, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले.) त्यांनी योजलेला शब्द ‘फिनॉमिनन’ (म्हणजे अनुभवास येणारी गोष्ट) होता, ‘सिंड्रोम’ पुढे लोकांच्या बोलण्यात रूढ झाला. सिंड्रोम म्हणजे लक्षणसमूह, आणि तो म्हटला की आजार आलाच. प्रत्यक्षात ‘डीएसएम-५’ (मानसिक आजारांची सूची) किंवा ‘आयसीडी-११’ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची सूची) या दोन्ही निदानसूचींत असा कोणताही आजार नोंदलेला नाही. त्यामुळे ‘तोतया विकार’ किंवा ‘तोतया रोग’ हे पर्याय मी सरळ बाद करतो.

‘तोतयेगिरी’ तर उलटाच अर्थ देते. तोतया जाणूनबुजून सोंग घेतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या आणि १७७६ मध्ये देहदंड झालेल्या माणसाला आपण तोतया म्हणतो, ते त्याने दुसऱ्याच्या नावावर हक्क सांगितला म्हणून. इथे मात्र माणूस स्वतःच्याच नावावर, स्वतःच मिळवलेल्या जागेवर बसलेला असतो आणि तरीही ती जागा आपली नाही असे त्याला वाटत राहते. ‘न्यूनगंड’ अधिक जवळचा, पण तोही पुरेसा नाही. न्यूनगंड असलेला माणूस स्वतःला कमी लेखतो आणि पुष्कळदा जगही आपल्याला कमीच लेखते असे धरून चालतो. इथे जग आपल्याला वाजवीपेक्षा जास्त लेखते आहे, याचीच टोचणी असते. म्हणून कौतुकाने दिलासा मिळण्याऐवजी धास्ती वाढते. ‘आत्मसंशय’ फार व्यापक आहे. त्यात बिंग फुटण्याची भीती येत नाही, आणि ती भीती तर या अनुभवाचा गाभा आहे.

या भीतीसाठी मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ हा तयार वाक्प्रचार आहे. त्यात मुलामा उडाल्यावर आतले पितळ दिसते असे गृहीत धरलेले असते. या अनुभवात आत पितळ आहे ही समजूतच चुकीची असते. हे चुकीचेपण नावात यावे म्हणून मी ‘तोतयाभास’ हा शब्द सुचवतो. ‘तोतयाभाव’ असेही म्हणता येईल, परंतु भावाला खरे-खोटे नसते. भास तपासून पाहता येतो.

तो तपासायचा कसा, याचे एक साधन आपल्या क्रियापदांतच आहे. मराठीत कर्त्याला बाजूला सारून बोलणे फार सोपे जाते : ‘जमून गेले’, ‘निभावले’, ‘पार पडले’, ‘योग जुळून आला’. प्रबंध मान्य झालेली विद्यार्थिनी ‘परीक्षक चांगले मिळाले’ असे म्हणते; त्याच प्रबंधातले एक कोष्टक चुकले असेल तर मात्र ‘मी घोळ घातला’ असे म्हणते. यश आपोआप घडते आणि चुकीला तेवढा कर्ता मिळतो. विनय म्हणून असे बोलण्यात काहीच वावगे नाही. पण मनातल्या मनातही वाक्यरचना हीच राहत असेल तर तो विनय नव्हे. अशा वेळी घडलेली गोष्ट एकदा ‘मी’ हा कर्ता ठेवून लिहून काढावी : ‘मी ही सामग्री गोळा केली, मी हा निष्कर्ष तपासला, मी आक्षेपांना उत्तरे दिली.’ यातले एखादे वाक्य खोटे वाटले तर ते खोडावे. बहुतेक वाक्ये खोडता येत नाहीत.

क्लान्स यांनी वर्णिलेले चक्र इथे समजून घ्यायला हवे. नवे काम अंगावर आले की धास्तावलेला माणूस एक तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी करतो किंवा चालढकल करून शेवटच्या क्षणी धावपळ करतो. काम फत्ते झाले तरी पहिला म्हणतो, ‘एवढे राबल्यावर कुणालाही जमले असते’, आणि दुसरा म्हणतो, ‘नशिबाने तारले’. दोघांनाही आपल्या कुवतीचा पुरावा मिळत नाही आणि पुढच्या कामाला धास्ती तेवढीच राहते. म्हणूनच नुसते ‘आत्मविश्वास बाळग’ असे सांगून काहीही साधत नाही. क्लान्स आणि आइम्स यांनी गटात बोलण्यावर भर दिला होता, कारण समोरची हुशार व्यक्ती स्वतःचे यश कसे झटकून टाकते हे लख्ख दिसते आणि मग तीच लकब आपल्यात ओळखणे सोपे जाते. आपण ज्यांना ‘फसवले’ त्यांची यादी करून, त्यांना ते सांगितल्यास ते काय म्हणतील याची कल्पना करणे, हाही त्यांचा एक उपाय होता. निवड समितीतले अनुभवी लोक एकजात भोळे होते, हे अशा वेळी स्वतःलाच पटवून देणे अवघड जाते.

शब्द रुळला तर त्याच्या वापराची मर्यादाही सांभाळायला हवी. नवशिक्याला एखादी गोष्ट येत नसेल आणि तो ‘मला हे येत नाही’ म्हणत असेल, तर तो तोतयाभास नव्हे. ती वस्तुस्थिती आहे आणि तिच्यावर उपाय शिकणे हाच आहे. तसेच जिथे एखाद्याला त्याच्या लिंगामुळे, वर्णामुळे किंवा बोलण्याच्या ढबीमुळे सतत उपरे ठरवले जाते, तिथे त्याला वाटणारा परकेपणा हा भास नसतो. तिथे ‘भेदभाव’ हाच शब्द वापरावा आणि बदलाची जबाबदारी त्या संस्थेवर टाकावी.