गाढी नदी उलटी वाहते का?

खांदेश्वरकर:
नवीन पनवेलला येऊन दोनच वर्षं झाली. मी घाटावरचा, नदी खालीच जाते एवढंच माहीत. काल पौर्णिमा होती. सकाळी नऊला जुन्या पनवेलला कोळीवाड्याजवळ उभा होतो, तर गाढीतली जलपर्णी सरळ माथेरानच्या दिशेने निघालेली! हे काय असतं?

कोळीवाड्यातला:
दादा, ती भरती. आमची गाढी माथेरानच्या डोंगरात उगवते, नेऱ्यावरून उतरते आणि आमच्या दारात खाडीला मिळते. पल्ला छोटा, आणि खालच्या अंगाला नदी आणि समुद्र वेगळे काढताच येत नाहीत.

आमचा बाबा घड्याळ बघायचा नाही. तिथीची पाऊणपट करायचा. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, त्या सुमाराला भरती पुरी. खाडीच्या या टोकाला थोडा उशीर धरायचा. तुम्ही नऊला बघितलंत तेव्हा पाणी चढत होतं, तेही उधाणाचं, म्हणून एवढी ओढ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी असते तेव्हा, आला असतात तर फारसं जाणवलंही नसतं.

एक मनापासून सांगतो. लोक पुलावरून निर्माल्याची पिशवी टाकतात, वाटतं गेली समुद्रात. जात नाही हो. ओहोटीला खाली गेलेली पिशवी पुढच्या भरतीला परत वर येते आणि तिवरांच्या मुळांत अडकते. त्याच मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात. मी स्वतः काठीने सोडवतो, तेव्हा फार जीव तुटतो.

नेरे गावची:
आमच्या वरच्या अंगाला मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात वलगण चढते. पोटात गाभोळी म्हणजे अंडी भरलेले मासे ओहोळातून शेतात येतात, गढूळ पाण्यात त्यांची पाठ चमकताना दिसते. पूर्वी घरापुरते धरायचे. आता ओहोळाच्या तोंडालाच जाळं लावून सगळे उचलतात, मग पुढच्या वर्षी येणार कुठून? आणि पावसाळ्यात पाणी बघायला काठावर उभे राहू नका. डोंगरात कोसळलं की लोंढा बघता बघता खाली येतो, आणि खाली भरती असेल तर पाण्याला जायला वाटच नसते. २६ जुलै २००५ ला पनवेलने ते भोगलंय.

खांदेश्वरकर:
उद्या द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती पुरी, आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी?

कोळीवाड्यातला:
बरोबर! आठला या. चिखल उघडा पडलेला असेल, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतील. मुलांना घेऊन या.