ऑलिंपिकची पाच कडी रांगोळीत: रंगांचा अर्थ आणि मापं

दांडियाबझारकर: बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या क्रीडादिनाला पटांगणात ३ × २ मीटरचा ऑलिंपिक ध्वज रांगोळीत काढायचाय. शेजारी फलक लागणार: निळा युरोप, पिवळा आशिया, काळा आफ्रिका, हिरवा ऑस्ट्रेलिया, लाल अमेरिका. एक सर म्हणतात, हे चूक आहे. खरं काय? आणि कडी एकमेकांत गुंतलेली दिसायला मापं कशी घ्यायची?

जुनी_पानं: सरांचं बरोबर आहे. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पियर द कुबर्तँ यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह केलं तेव्हा पाच कडी म्हणजे पाच खंड एवढंच ठरलं होतं (दोन्ही अमेरिका मिळून एक). कुठलं कडं कुणाचं, हे नाही. रंगांचा हिशेब निराळा होता: पाच रंग आणि मागचा पांढरा, या सहांतून तेव्हाच्या सगळ्या देशांचे ध्वज रंगवता येत. स्वीडनचा निळा-पिवळा, ग्रीसचा निळा-पांढरा वगैरे.

तुमची यादी मात्र कुणी हवेतून काढलेली नाही. ती ऑलिंपिक समितीच्याच पुस्तिकेत छापलेली होती. कुबर्तँना तसं अभिप्रेत असल्याचा पुरावा सापडेना, म्हणून १९५१ मध्ये वगळली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून अजून गेलेली नाही, एवढंच. फलकावर सहा रंगांचंच लिहा. साल हवं असेल तर: ध्वज दाखवला १९१४ ला पॅरिसमध्ये, पण महायुद्धामुळे १९१६ ची स्पर्धाच झाली नाही, त्यामुळे स्पर्धेत फडकला तो १९२० ला अँटवर्पला.

ठिपके_रेषा: मापं घ्या. कड्याचा बाहेरचा व्यास ६० सेंमी, जाडी ५ सेंमी. वरच्या ओळीत तीन, मध्यबिंदूंमधलं अंतर ६५, म्हणजे कड्यांमध्ये ५ सेंमी फट राहते. खालच्या दोघांचे मध्य वरच्या डावीकडच्या दोघांच्या मध्यापासून अनुक्रमे ३२.५ सेंमी उजवीकडे आणि ३० सेंमी खाली. ताडून पाहायचं तर वरच्या कड्यांच्या तळाला टेकणारी आडवी रेघ मारा, खालचे मध्य तिच्यावरच पडले पाहिजेत. पूर्ण आकृती १९० × ९० सेंमी भरते.

वर्तुळाला सुतळी वापरू नका. ताणली की लांबते आणि शेवटी टोकं जुळत नाहीत. लाकडी पट्टीला खिळ्यापासून २५ आणि ३० सेंमीवर भोकं पाडून खडूनं फिरवा.

सगळ्यात जास्त चुका गुंतवण्यात होतात. शेजारची दोन कडी दोन ठिकाणी छेदतात. एका ठिकाणी एक वर, दुसऱ्या ठिकाणी तेच खाली. दोन्हीकडे एकच वर गेलं तर कडी नुसती एकावर एक ठेवल्यासारखी दिसतात. रंग भरण्याआधीच आठही छेदांवर खालून जाणाऱ्या पट्ट्याच्या रेघा पुसून टाका.

क्रम डावीकडून निळा, पिवळा, काळा, हिरवा, लाल. निळा, काळा, लाल वरच्या ओळीत. भरताना पिवळा आधी, काळा सर्वांत शेवटी, नाहीतर काळी भुकटी उडून पिवळा मळतो. रंग प्रत्येकी पाव किलो पुरेल. पांढऱ्या तळाला आठ-नऊ किलो रांगोळी चाळावी लागेल. त्यापेक्षा आदल्या दिवशी चुना फासा.

दांडियाबझारकर: उत्तम. मधल्या कड्यात शाळेचं बोधचिन्ह आणि खाली देणगीदार दुकानाचं नाव चालेल का? आणि पॅरालिंपिकचंही चिन्ह शेजारी काढलं तर?

जुनी_पानं: पहिली दोन्ही नकोत. ऑलिंपिक सनदेप्रमाणे (समितीची नियमावली) ही कडी एकटीच वापरायची असतात, आत काही भरायचं नाही. शिवाय या चिन्हाच्या संरक्षणासाठी १९८१ चा नैरोबी करार आहे आणि भारत त्यात आहे. परवानगीशिवाय धंद्याच्या जाहिरातीला कडी जोडणं त्यात बसत नाही. देणगीदाराचा फलक प्रवेशद्वारापाशी लावा. मुलांना शिकवायला काढलेल्या रांगोळीची गोष्ट वेगळी.

पॅरालिंपिकचं जरूर काढा, पण वेगळ्या चौकटीत. लाल, निळी आणि हिरवी अशा चंद्रकोरीसारख्या तीन कोरी एका मध्याभोवती फिरत्या दिसतात. मध्य मोकळा ठेवा, तिथे ठिपका देऊ नका.

ठिपके_रेषा: त्या कोरी कंपासानं येत नाहीत, दोन्ही टोकं सारखी नसतात. पुठ्ठ्याचा एक साचा कापा आणि तोच तीनदा फिरवून वापरा.