घारापुरीच्या डोंगरावरची तोफ कधी चालली होती का?

कृष्णाकाठचा_गडी (सांगली)
मागच्या रविवारी घरच्यांना घेऊन घारापुरीला गेलतो. लेणी बघून झाली, पोरगं म्हणालं वर तोफ आहे, मग धापा टाकत डोंगर चढलो तर खरंच भलीमोठी तोफ, इंग्रजांच्या काळातली, आणि नळीवर बसून लोक फोटो काढतायत. आपल्याला तोफ म्हंजे गडावरची माहीत. पोरानं विचारलं ही कुणावर मारली, माझी बोलतीच बंद. महायुद्धात मुंबईवर कुणी चालून आलंच नाही ना, मग एवढा खर्च कशाला केला असेल? माहीतगारांनी सांगा राव.

निवृत्त_तोफची (सातारा)
कुणी आलं नाही हेच तिचं काम समजा. मद्रासचं बघा, 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मनांची एमडन नावाची युद्धनौका थेट किनाऱ्यापाशी आली, शहरात दिवे लखलखत होते, अर्ध्या तासात शंभरावर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवून गेली. किनाऱ्यावरच्या तोफांनी उत्तर दिलं पण एक गोळा लागला नाही. म्हंजे नुसती तोफ असून भागत नाही, अंतर कळायला पाहिजे.

ते कसं काढायचे ते सांगतो. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून पोवई नाक्याकडं बघा, मग त्याच्या बरंच पलीकडं बघा. जवळचं बघायला मान जास्त वाकते, लांबचं बघायला कमी. तुमची उंची पक्की माहीत असली की त्या वाकण्याच्या कोनावरून अंतर निघतं. किनाऱ्यावर त्यासाठी दुर्बिणीचं यंत्र असायचं, जहाज जिथं पाण्याला टेकतं तिथं काटा धरायचा. त्यात भरती-ओहोटीचा हिशोबही करावा लागायचा, पाणी चढलं की तुमची उंची कमी झाली ना! मी देवळालीत शिकलो तेव्हा आमचे उस्ताद म्हणायचे, निम्मी तोफ ओपीत (म्हंजे लांबचं बघून अंतर सांगणाऱ्या टेहळणी चौकीत) असते. म्हणून ह्या तोफा डोंगरावर.

हाफचहा
काका हे पटलं, पण दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरचं काय झालं? तिथं इंग्रजांच्या तोफा समुद्राकडं तोंड करून बसल्या आणि जपानी मागून आले, पैसे पाण्यात 😄

निवृत्त_तोफची (सातारा)
ते अर्धवट आहे भावा. तिथं 15 इंची पाच तोफा होत्या, त्यातल्या चांगी भागातल्या तोफा जमिनीकडं वळवून मारल्यात. घोळ गोळ्यांचा होता, साठा बहुतेक जहाजाचं पोलाद फोडायच्या गोळ्यांचा, तो मऊ मातीत खोल घुसतो, पायदळाचं त्यानं फारसं बिघडत नाही. आणि जपानी समुद्राकडून न येता मलायातून खाली आले ते काय उगाच का?

दर्यावर्दी_मिरजकर
चाललेली बघायची तर नॉर्वे. 9 एप्रिल 1940, ऑस्करबोर्गचा किल्ला, 1890 च्या दशकातल्या क्रुप ह्या जर्मन कंपनीच्या जुनाट तोफा, भरायला नवखी पोरं. जर्मनांची ब्ल्यूशर ही कोरी क्रूझर (मोठी युद्धनौका) ऑस्लोच्या खाडीत शिरली, मोठ्या तोफांनी दोनच गोळे टाकले, दोन्ही लागले, वर टॉर्पेडो, जहाज बुडालं आणि तेवढ्या वेळात राजा आणि सरकार ऑस्लोतून निसटलं.

पण मुंबईला कुणी आलंच नाही हे तेवढं खरं नाही बरं का. 1917 च्या सुरुवातीला वोल्फ नावाचं जर्मन जहाज साधं मालवाहू असल्यासारखं आलं आणि मुंबईबाहेर सुरुंग पेरून गेलं, तोफांच्या टप्प्याच्या पार बाहेर. जूनमध्ये मंगोलिया ही प्रवासी बोट त्यावरच फुटून बुडाली. तोफ काय करणार तिथं.

निवृत्त_तोफची (सातारा)
बरोबर. धाग्याचे मालक, त्या तोफेचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला आहे? फोटो टाका की, सांगतो कुठला रस्ता अडवायला ठेवली असेल ते.

कृष्णाकाठचा_गडी (सांगली)
काका फोटो पाच आहेत. पाचही फोटोत आमचं पोरगं नळीवर आणि मागं त्याची आई. दिशा काय दिसत नाही 🙏